दुधाची टिकली

आमच्या धंद्यात पहिला संशय नाक घेतं. सकाळी सौंसरच्या शीतकेंद्राच्या ओट्यावर दुधाचे कॅन उतरले की झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि दोन श्वासांत ठरवायचं : हे दूध आत जाणार की परत. कॅनमागे माणूस उभा असतो. तो आपल्या नाकाकडे असा पाहतो, जसं परीक्षेचा निकाल लावणाऱ्या मास्तराकडे पाहावं. सहा वर्षं मी हे करतो आहे. पदाचं नाव लांबलचक आहे, पण मोहगावपासून सावरगावपर्यंत मला सगळे 'टेस्टर' म्हणतात. लहान पोरं तर मला पाहून नाक फेंदारतात.

नाकानंतर इतर हत्यारं. दुधात पाणी आहे का हे सांगणारा लॅक्टोमीटर. परीक्षानळीत दूध घालून उकळत्या पाण्यात धरायचं. फाटलं तर आंबायला लागलेलं. आणि माझी आवडती, निळ्या रंगाची परीक्षा. नळीत दूध, त्यात निळ्या औषधाचं ठरलेलं माप, आणि नळी कोमट पाण्यात उभी. दुधात जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडतो. तासन्‌तास निळं राहिलं ते दूध चांगलं. लगेच पांढरं पडलं ते वाईट. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे याच्या नेमकं उलटं येणार आहे.

संशय हा माझा पगारी धंदा झाला त्याच्या आधीपासून तो माझा स्वभाव आहे. माझे वडील जिनिंगमध्ये सरकी उचलायचे. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. नागपूरच्या सभेहून येताना ते सदऱ्याच्या आतल्या खिशात घडी घालून पत्रकं आणत, आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पायरीवर बसून मला ती मोठ्याने वाचायला लावत. मी वाचायला शिकलो तो त्या जाड काळ्या मथळ्यांवर. त्यामुळे 'हे कोणाच्या फायद्याचं?' हा प्रश्न मला बाराखडीच्या आसपासच आला. एकदा एका म्हैसवाल्याचं दूध पातळ निघालं, तर तो म्हणाला, "टेस्टरभाऊ, पानी म्या नाई टाकलं जी, म्हैसच पानी लय पेते." मी त्याच्यावर हसलो नाही. मी लॅक्टोमीटरवर संशय घेतला, दुसरा आणून पुन्हा मोजलं. पाणी त्यानेच टाकलं होतं. पण यंत्राचीही झडती झाली पाहिजे, असं माझं मत होतं.

एवढं सगळं मत असूनही माझा संशय एका यंत्रापुढे झोपला. यंत्र म्हणजे तरी काय, कागदाची टिकली.

ती आली मार्च महिन्यात. दक्षिणेतल्या कुठल्याशा संशोधन संस्थेतून एक मॅडम आल्या, हातात मोठा थर्मास. आम्हाला वाटलं जेवणाचा आहे. त्यांनी झाकण उघडलं तर आत बर्फ, आणि बर्फात चांदीच्या कागदाची पाकिटं. मला पहिलाच राग आला. आमच्या दवाखान्यात लसीसाठी बर्फ नसतो, आणि इथे स्टिकरांना थंडावा!

पाकिटात गोल टिकल्या होत्या, चार आण्याच्या नाण्याएवढ्या. कडेला फिकट निळं कडं छापलेलं, मधोमध पांढरट ठिपका. मॅडमनी हिंदीत समजावलं, मी इथे माझ्या भाषेत सांगतो. त्या ठिपक्यात एका रसायनाचा पातळ थर असतो. त्याचे कण सुरुवातीला सुटे असतात, आणि सुटे असताना त्यांना रंग नसतो. ऊब लागली की ते एकमेकांचे हात धरायला लागतात आणि त्यांची साखळी होते. साखळी झाली की रंग येतो, निळा. थंडीत हे काम फार सावकाश होतं, उन्हात झपाट्याने. मधला ठिपका कडेच्या कड्याइतका निळा झाला की समजायचं, दुधाने सोसायची तेवढी गरमी सोसून झाली. अशा साखळीला पॉलिमर म्हणतात. एकदा जुळलेली साखळी परत सुटत नाही, टिकली पुन्हा पांढरी होत नाही.

सुटे असताना रंग नाही, हात धरले की रंग! पत्रकांवर वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं? माझा राग तिथेच निम्मा गेला. आता वाटतं, तो तसा जायला नको होता.

जाताना मॅडम मला म्हणाल्या, "एक बात याद रखना. ये दूध को नहीं पहचानता. ये ख़ुद जहाँ रहा, बस वहाँ की गर्मी जानता है. इसे दूध से अलग मत होने देना."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या वेळी मी त्यांच्या थर्मासवर कुठल्या देशाचं नाव आहे ते शोधत होतो.

प्रयोग असा होता. दुधाच्या पिशव्यांच्या प्रत्येक क्रेटमध्ये एक पुठ्ठ्याचं कार्ड खोचायचं, पिशव्यांच्या मधोमध. कार्डावर टिकली. पहाटे गाडी सौंसरहून निघे, मोहगाव करत पांढुर्ण्याच्या स्टँडवरचा बूथ, मग जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावचा बूथ. बूथवाल्याने दूध विकायचं, आणि रिकाम्या क्रेटसोबत कार्डं दुसऱ्या दिवशी परत पाठवायची. मी त्यांचा रंग रजिस्टरात लिहायचा. उन्हाळाभर.

सोबत सूचनांचा कागद आला होता, इंग्रजी आणि हिंदी. आमच्या तालुक्यांत सरकार हिंदीत बोलतं आणि माणसं मराठीत. मी मॅनेजरसाहेबांना म्हणालो, मराठी मी करतो. ते म्हणाले, "कर डालो." मी रात्रीचं नव्हे, कामाच्या वेळेतच बसून केलं, साहेबांच्या समोर, कारण कामाचंच होतं. मूळ कागदात पाच कलमं होती. ती भाषांतरित करताना मला त्यांची चीड यायला लागली. 'करू नये', 'हात लावू नये', 'काढू नये'. जनतेशी असं बोलतात का? चौथं कलम होतं, 'लेबलाचं कार्ड क्रेटमधून बाहेर काढू नये.' मी ते गाळलं. हुकूम वाटला म्हणून. आणि सायक्लोस्टाइलवर जे काढलं ते असं होतं :

'दुधाची टिकली पाहा! पांढरी असेल तर दूध घ्या. निळी असेल तर घेऊ नका. थंडीत टिकली पांढरी राहते, उन्हात निळी पडते. टिकली पाहणं हा तुमचा हक्क आहे. ती ग्राहकापासून कोणी लपवता कामा नये.'

शेवटची ओळ सगळ्यांत जाड अक्षरांत. वडिलांना दाखवलं. ते खूश झाले.

गावांत टिकलीची थट्टा झाली. "आता दुधालेबी टिकली लावून राहिले, उद्या म्हशीले बांगड्या भरा." सावरगावचा बूथ चालवणाऱ्या गयाबाई विधवा. पहिलं कार्ड हातात घेऊन त्या गाडीचा ड्रायव्हर दशरथ याला म्हणाल्या होत्या, "माया नशिबात नाई ते दुधाच्या नशिबात आलं, बावा." दशरथ हे मला हसत हसत सांगत होता.

गयाबाईंबद्दल सांगायला हवं. त्या आमच्याच वस्तीच्या नात्यातल्या. आयुष्य संत्र्याच्या बागांत निंदण करण्यात आणि कापूस वेचण्यात गेलं. गुडघा गेला आणि वाकणं संपलं. मग कोणीतरी अर्ज लिहून दिला, आणि त्यांना सावरगावात पत्र्याचा बूथ मिळाला. घरात एक शाळकरी नात. बूथ होता म्हणून त्या उभ्याने करायच्या कामावर जगत होत्या. बूथ गेला तर परत वाकायचं, आणि गुडघा वाकत नव्हता. हे मला माहीत होतं. मी जे केलं ते माहीत असून केलं.

पहिल्या आठवड्यातच कार्डं बोलायला लागली. मोहगावची फिकट. पांढुर्णा स्टँडची पांढरीशुभ्र. सावरगावची गडद निळी. एक दिवस नाही, रोज. कडं फिकं वाटावं इतका मधला ठिपका निळा.

माझा पहिला संशय दशरथवर. शेवटचा बूथ सावरगावचा, म्हणजे वाटेत गाडी कुठे तरी थांबत असणार. मी न सांगता पहाटे गाडीत जाऊन बसलो.

"काहून भाऊ, आज इकडं?" दशरथने विचारलं.

"सहज."

"सहज तं तू शिंकतबी नाईस," तो म्हणाला. "पाय बापा, मी मोहगावले एक चहा पेतो. बसल्या जागीच. लिहून घे वहीत."

गाडी कुठेही थांबली नाही. सावरगावला पोचलो तेव्हा ऊन यायचं होतं. मी पिशवीला हात लावला, गार. टिकली पाहिली, पांढरी. गयाबाईंनी क्रेट आत ओढले आणि टेबलाखाली, ओल्या पोत्यांत ठेवले. पोत्यांवर लोट्याने पाणी मारलं. दारात लोकांची रांग लागलीच होती.

"दूध रोज इथंच ठेवता?" मी विचारलं.

"मंग कुठं ठिवू, डोक्यावर?" त्या म्हणाल्या. रांग हसली.

आता जो माणूस शहाणा असता तो तिथे नऊ वाजेपर्यंत थांबला असता. पण गाडी परत निघाली होती, आणि मला ओट्यावर नाक घालायला जायचं होतं. मी गाडीत बसलो आणि विचार केला : पोतं जरा जास्तच ओलं होतं. मी येणार हे दशरथने आधी कळवलं असेल. हे माझ्यासाठी मांडलेलं नाटक असेल. संशयाची ही एक खोड आहे. पुरावा विरुद्ध निघाला की त्याला तो बनाव वाटतो.

दुसऱ्या दिवशी ते कार्ड परत आलं. माझ्या डोळ्यांनी पांढरी पाहिलेली टिकली गडद निळी. झालं. ड्रायव्हर सुटला, बाई अडकल्या.

त्यातच पांढुर्णा स्टँडच्या बूथवाल्याची, बंडूशेठची, तोंडी तक्रार आली की सावरगावची माणसं त्याच्याकडे येऊन सांगतात, तिकडचं दूध खराब असतं. वर्षातून एक दिवस, जुन्या प्रथेप्रमाणे, ही दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. बाकीचे दिवस एकमेकांबद्दल बोलतात. हे ठाऊक असूनही मी ते रजिस्टरात लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी माझा अहवाल मागितला. मी लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे : 'माणूस खोटं बोलू शकतो, लेबल खोटं बोलत नाही.'

बूथ तात्पुरता बंद करण्यात आला.

चार दिवसांनी गयाबाई बसने सौंसरला आल्या. मी ओट्यावर होतो. त्या कॅनच्या पलीकडे उभ्या राहिल्या, जिथे दूधवाले उभे राहतात.

"टेस्टर, माया दुधाचा वास आला का कोनाले?"

"वासाचा प्रश्न नाही, बाई. टिकली निळी येते रोज."

"निळी तं येनच. ऊनच तेवढं हाय तिथं."

मला वाटलं, घ्या, कबूल झाल्या! मी म्हणालो, "मग तेच तर आम्ही म्हणतो आहोत."

त्यांना वाटलं असेल, मी सगळं समजून बोलतो आहे आणि तरी त्यांचा बूथ काढतो आहे. मग म्हणाल्या, "तुयाच कागदानं केलं म्या सारं. बरं." आणि लंगडत बसस्टँडकडे गेल्या. 'तुयाच कागदानं' याचा अर्थ मी विचारला नाही. एक कॅन उघडा होता आणि मला वास घ्यायचा होता.

सावरगाव बंद झालं आणि रजिस्टर पांढरंशुभ्र झालं. मॅनेजरसाहेब आनंदात. मला मात्र झोंबायला लागलं. स्टँडची कार्डं फारच पांढरी होती. मे महिन्याचं पांढुर्णा, पत्र्याखालचा बूथ, आणि टिकली थर्मासमधून नुकतीच काढल्यासारखी? दुधासोबत सकाळभर राहिलेली टिकली थोडी तरी निळसर व्हायला हवी. मोहगावची होत होती. मग एक दिवस स्टँडचं कार्ड हातात आलं ते मऊ, भिजून वाळलेलं, आणि कोपऱ्यावर गुलाबी डाग. मी वास घेतला. शेवटी माझं खरं हत्यार तेच. गुलाबाचं सरबत.

बंडूशेठ दुधासोबत बर्फाचे गोळे विकायचा.

मी रजा टाकली आणि सकाळच्या बसने पांढुर्ण्याला गेलो. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, गिऱ्हाईक म्हणून. दोन पिशव्या मागितल्या. त्या त्याने उघड्यावरच्या क्रेटमधून काढल्या. पिशवी हाताला कोमट लागत होती.

"टिकली दाखवा ना," मी म्हणालो.

त्याने भुशातल्या बर्फाच्या लादीवरचं पोतं बाजूला केलं. सगळी कार्डं लादीवर ओळीने निजवलेली. एक उचलून त्याने माझ्यासमोर धरलं. "पाहून घ्या. एकदम फ्रेश."

मी दुपट्टा काढला. त्याचा चेहरा क्षणभरच बदलला.

"अरे, टेस्टरभाऊ! सांगून यायचं ना."

"कार्डं बर्फावर, दूध उन्हात. हे काय आहे शेठ?"

"तुमचंच लिहिणं हाय ना भाऊ," त्याने गल्ल्यामागून माझं पत्रक काढलं. घडीसुद्धा मोडली नव्हती. "'थंडीत टिकली पांढरी राहते.' म्या म्हटलं, सरकारी माल, जपून ठेवा. दूध थंडीत ठेवा असं कुठी लिहिलं? दाखवा."

लिहिलं नव्हतं. मी मुद्दाम सोपं लिहिलं होतं. तो लबाड होता की आज्ञाधारक, हे मी आजही सिद्ध करू शकत नाही. माझं मत तुम्ही ओळखलं असेल. पण मत आणि पुरावा यांतला फरक मला त्याच सकाळी जरा उशिरा कळायचा होता.

पिशव्या ओल्या फडक्यात गुंडाळून मी पूल ओलांडून सावरगावला गेलो. का गेलो, सांगता येत नाही. 'तुयाच कागदानं' हे शब्द पुन्हा ऐकू यायला लागले होते.

बूथ बंद होता. कुलूप. मी वळसा घालून पूर्वेच्या बाजूला आलो, जिकडून लोक येतात. पत्र्याच्या भिंतीवर माझं पत्रक खळीने चिकटवलेलं, चारी कोपरे नीट दाबून. उन्हाने कागद पिवळा पडला होता, पण जाड ओळ वाचता येत होती : ती ग्राहकापासून कोणी लपवता कामा नये. पत्रकाच्या खाली एक खिळा. खिळ्याभोवती कार्डाच्या मापाचा चौकोन, बाकीच्या पत्र्यापेक्षा जरा उजळ.

मी त्या चौकोनावर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता.

गयाबाई रोज सकाळी रांग ओसरली की क्रेटमधली कार्डं काढत होत्या आणि सगळ्या गावाला दिसतील अशी एकावर एक खिळ्याला टांगत होत्या. माझ्या पत्रकाच्या खाली. सकाळचं सगळं ऊन त्या भिंतीवर. आणि दूध आत, टेबलाखाली, ओल्या पोत्यांत.

त्या समोरच्या घरातून बाहेर आल्या. मला पाहून थांबल्या.

"आता काय न्यायचं राहिलं?" त्यांनी विचारलं. "पत्राबी नेतं का?"

"आत्या," मी म्हणालो. मी त्यांना आधी कधी आत्या म्हटलं नव्हतं. "कार्ड तुम्ही इथं लावत होता?"

"मंग? तूच लिहिलं ना लपवू नका म्हणून. माया नातीनं वाचून दाखवलं. दोनदा वाचाले लावलं म्या तिले."

"त्याला ऊन लागतं. दुधाला नाही, त्याला."

"मी सौंसरले येऊन तुले तेच सांगितलं. ऊन हाय म्हणून निळी येते. तू म्हणे, तेच तं आम्ही म्हणून राहिलो." त्यांचा आवाज चढला नाही. "मले वाटलं, साहेब लोकाइले बूथ दुसऱ्याले द्यायचा असंन, अन् तू त्याइच्यात सामील झाला. आपल्यातला पोरगा, अन् सामील झाला. महिनाभर हेच डोक्यात घेऊन बसली मी."

म्हणजे त्याही माझ्यावर संशय घेत होत्या. त्यांचा माझ्याइतकाच चुकीचा होता, पण त्यांच्या संशयाने कोणाच्या दाराला कुलूप लागलं नव्हतं.

सौंसरला परत येऊन मी बंडूशेठच्या पिशव्यांतलं दूध निळ्या परीक्षेला लावलं. मी दुपारचा चहा घेऊन आलो तोवर नळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. पांढरी टिकली, पांढरी नळी; एक म्हणत होती उत्तम, दुसरी म्हणत होती फेका. मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. जुनं तक्रारींचं रजिस्टर काढलं, ज्यात फाटलेल्या दुधाची नोंद होते. पांढुर्णा स्टँडच्या नावाने पानं भरली होती. सावरगावच्या नावाने एकही ओळ नव्हती. ते रजिस्टर माझ्याच टेबलाच्या खणात होतं. सगळ्या उन्हाळ्यात मी ते उघडलं नाही, कारण ते जुनं होतं आणि टिकली नवी होती.

दुसरा अहवाल लिहिला. पहिल्या ओळीत माझी चूक, पत्रकातून गाळलेल्या कलमासकट. मॅनेजरसाहेबांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले.

"इसमें लिखते हो लेबल झूठ नहीं बोलता. इसमें लिखते हो लेबल बेकार है."

"बेकार नाही, साहेब. त्याने खरंच सांगितलं. कशाबद्दल सांगितलं ते मी पाहिलं नाही."

"ऊपर क्या भेजूँ?"

"दोन्ही पाठवा."

"तुम्हारी नौकरी पर आएगी."

"येऊ द्या. गयाबाईंची गेलीच आहे."

त्यांनी दोन्ही पाठवले की नाही, मला शंका आहे. मी मात्र एक प्रत थेट मॅडमना टपालाने पाठवली. त्यांचं उत्तर आलं. लेबल वेगळं निघूच शकणार नाही असं पिशवीवरच छापता येईल का, यावर त्या काम करणार होत्या, आणि गाळलेलं चौथं कलम आता त्या सूचनांत पहिलं घालणार होत्या. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. त्याचाच मला त्रास झाला.

बूथ परत सुरू झाला तो पावसाळ्यात. न्याय झाला म्हणून नाही. सावरगावचा बूथ घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. माझी एक वेतनवाढ थांबली, ती रास्त होती. बंडूशेठला ताकीद मिळाली आणि तो अजून स्टँडवर आहे. त्याच्याकडचं दूध घेणाऱ्यांनी पिशवीला हात लावून पाहावं, एवढंच मी छापील कागदावर सांगू शकतो.

पण बूथ उघडला आणि गिऱ्हाईक आलं नाही. लोकांनी रोज स्वतःच्या डोळ्यांनी निळी टिकली पाहिली होती, आणि तिच्या वरच दूध घेऊ नका हेही वाचलं होतं. क्रेट भरलेले परत यायला लागले. असंच चाललं तर महिन्याभरात बूथ पुन्हा जाणार, आणि या वेळी कायमचा.

मी नवं पत्रक लिहिलं. या वेळी सगळी कलमं घालून. ते घेऊन सावरगावला गेलो आणि गयाबाईंसमोर धरलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

"कागद नको," त्या म्हणाल्या. "कागदानंच गेलं. तू ये. सकाळी इथं उभा राय, अन् दूध पे. लोकाइले दिसू दे."

"किती दिवस?"

"लोक येतपर्यंत."

मी रजा घेतली. रोज पहाटे दशरथच्या गाडीत बसायचो. तो म्हणायचा, "आज सहज का, भाऊ?" सावरगावला उतरून पत्र्याला टेकून उभा राहायचो. क्रेट आत ओल्या पोत्यांत गेले की गयाबाई एक पिशवी कापत, पेला भरत आणि माझ्या हातात देत. मी सगळ्यांसमोर पीत असे, नाक न घालता. सहा वर्षांत वास न घेता प्यायलेलं ते पहिलं दूध. पहिले दोन दिवस लोक लांबून पाहून पलीकडे गेले. तिसऱ्या दिवशी एक म्हातारबुवा लोटा घेऊन आले, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"गयाबाई, टिकली कुठी गेली व?"

"कंपनीनं नेली, बुवा," गयाबाई पिशवी काढत म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "आता हा ठिवला हाय उन्हात. हा निळा पडला तं नका नेऊ."